हाताला कळणारा रस्ता

॥ नामु अमिदा बुत्सु ॥

कानासाका, हामादाच्या वरचे गाव
१३ नोव्हेंबर, हेइसेई ८

चि. एइकिचीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल काल पोचले. आत मिळाले ते असे: माशाच्या चिकुवा दहा, लाल मिसोचा डबा एक, लोकरी हातमोजे दोन जोड आणि देवळातला वाहनरक्षणाचा ताईत एक. टपालाला तू नऊशे ऐंशी येन भरलेस. अरे, तेवढ्यात इथे हामादात पंधरा चिकुवा येतात. चव मात्र तुमच्याकडची, त्यात वाद नाही. ह्यांना डॉक्टरांनी खारट वर्ज्य केले आहे, तरी अर्धी चिकुवा माझी पाठ वळताच नाहीशी झाली. विचारले तर म्हणाले, मांजर असेल. आमच्याकडे मांजर नाही.

ताइताचे काय करू? आईने कधी कुणाला ताईत बांधला नाही. अमिदा बुद्धाने हात धरला की धरला, त्याला वरून दोरा कशाला, म्हणायची. टांगवत नाही आणि टाकवतही नाही, म्हणून शिवणाच्या डब्यात ठेवला आहे. तुझ्या बायकोला, फुसाएला सांग, आमची बटणे आता सर्व अपघातांपासून सुरक्षित आहेत.

आता खरी गोष्ट. ह्यांचे डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असे चालूच आहे. ग्रामकचेरीतून कागद आला की हामादाची बस मार्चअखेर बंद होणार. बसमध्ये हल्ली आम्ही दोघेच असतो. चालक ह्यांना म्हणाला, दादा, फक्त तुमच्यासाठी चालवतोय ही गाडी. हे म्हणाले, मग खिडक्या तरी पुसत जा. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, म्हणून ह्यांनी स्वतः गाडी चालवायची नाही असे डॉक्टरांचे सक्त सांगणे आहे. हिदेतो म्हणतो, हिरोशिमाला या, सहा चटयांची खोली रिकामी आहे, इस्पितळ दोन स्टेशनांवर. मुलगा वावगे बोलत नाही. पण एइकिची, ह्या खिंडीच्या आतच माझी अडतीस वर्षे गेली. मंदिरातल्या होओन्कोच्या, गुरूंच्या पुण्यतिथीच्या, स्वयंपाकात मुळ्याच्या चकत्या मी कापते. हिरोशिमाचे नाव निघाले की हे उठतात. अंगणात जातात, गाडीच्या काचेवर फुंकर मारतात आणि बाहीने पुसतात.

म्हणजे उरले कोण? मी. माझ्याकडे परवाना आहे हे तू विसरला असशील. एकोणतिसाव्या वर्षी काढला, पंधरा दिवस गाडी चालवली, मंदिराच्या फाटकाचा खांब हलवला, आणि त्यानंतर तीस वर्षे चाकाला हात लावला नाही. मुदत संपली की नवा मात्र करून घेते. एकदा कमावलेली वस्तू का घालवायची? गेल्या वर्षी खिडकीतल्या पोलिसाने सोनेरी पट्टीचा परवाना हाती दिला आणि उठून वाकून म्हणाला, इतक्या वर्षांत एक चूक नाही, बाई, तुमच्यासारखे चालक हवेत. मीही वाकले. काय करणार?

ह्यांची गाडी अकरा वर्षांची, तेलाच्या स्टिअरिंगची. वळवताना कण्हते, आणि उभी असते तिथे तांबडा ठिपका पडतो. गॅरेजवाला नाकाओ म्हणतो, काकू, विजेच्या स्टिअरिंगची छोटी गाडी घ्या, एका बोटाने वळेल. हे म्हणतात, एका बोटाने वळतं ते खेळणं. माझी मनगटे सांधेवाताने अशी झाली आहेत की लोणच्याच्या बरणीचे झाकण ह्यांच्याकडून उघडून घेते. तू एकतीस वर्षे स्टिअरिंगच्याच कारखान्यात काढलीस. खरे सांग, तेलाचे बरे की विजेचे? मार्चच्या आत मला हात बसला तर आम्ही इथे राहू, नाही तर नाही.

घरात सर्वांना आशीर्वाद. बहिणीची आठवण चिकुवा संपल्यावरही राहू दे.

तुझी ताई,
हिसानो

*

मिकावा
२० नोव्हेंबर, हेइसेई ८

ती. ताईस एइकिचीचा वाकून नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. चिकुवाचा हिशेब वाचून फुसाए म्हणाली, पुढच्या वेळी ताईंना नुसती पावती पाठवू, चिकुवा आपण खाऊ. ताईत तिनेच घातला होता, मला बोलू नकोस.

आता चाकाचं. डोळ्यांपुढे आण: इंजिनाला पट्ट्याने जोडलेला एक छोटा पंप. तो सतत तेल दाबत असतो. तू चाक जरा वळवलंस की तेल त्या बाजूला धावतं आणि खालच्या चाकांचा दांडा ढकलतं. इच्छा तुझी, जोर तेलाचा. पण तेल नुसतं ढकलत नाही, ताई, ते परत येऊन सांगतंही. टायरखाली खडी आली, ओली पानं आली, की त्याची कुजबुज तेलातून वर चढते आणि तळहातात उतरते. मी चाचणीच्या बाकावर डोळे मिटून बसतो. आमच्या दालनाला खिडकी नाही, पण चाक हातात आलं की मला कुठला तरी रस्ता दिसायला लागतो. बहुतेक वेळा आपल्या लहानपणचा, नदीकाठचा. बाबा सायकलवर पुढे, तू मागे मला धरून. एकदा जेवणाची घंटा झाली तरी मी तसाच बसलो होतो. लोकांना वाटलं झोपलो.

विजेचं निराळं. तिथे दांड्यात एक बारीक सळी असते. चाक वळलं की ती केसभर पिळते. तो पीळ मोजून एक छोटा संगणक मोटरला सांगतो, इतकं ढकल. ढकलते अगदी हवं तेवढंच, त्यात खोट नाही. पण रस्त्याची बातमी वाटेतच पुसली जाते. तेल म्हणजे हात धरून बरोबर चालणारं माणूस. वीज म्हणजे शेजारच्या खोलीतून पावलं ऐकून दार उघडणारं.

तेव्हा दाजींचं बरोबर आहे. तेलाचंच ठेव. नवा पट्टा, नळी आणि तेलाचे दोन डबे पाठवतोय, नाकाओकडून बसवून घे. दोनच गोष्टी पाळ. चाक शेवटापर्यंत वळवून तिथे दाबून धरायचं नाही, पंप रडतो. आणि थंडीत निघण्याआधी पाच मिनिटं इंजिन चालू ठेव, तेल उशिरा उठणाऱ्यांपैकी आहे. बाकी सगळं हाताला आपोआप कळेल.

दाजींना नमस्कार, आणि त्या मांजरालाही. धाकट्यावर लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
एइकिची

*

॥ नामु अमिदा बुत्सु ॥

कानासाका
७ फेब्रुवारी, हेइसेई ९

चि. एइकिचीस आशीर्वाद. वि. वि.

आधीच सांगते, दोघेही सुखरूप आहोत. आता पुढचे वाच.

तुझे सामान नाकाओने बसवले आणि डिसेंबरभर मी बंद पडलेल्या शाळेच्या मैदानात शिकले. हे फळीवर चहाची बाटली घेऊन बसायचे आणि ओरडायचे. म्हणाले, लोणच्यावरचा दगड धरल्यासारखं चाक धरू नकोस, पाखरू धरल्यासारखं धर. मी म्हटले, जन्मात पाखरू धरलं नाही, दगड रोज धरते. मनगटे सुजायची, रात्री गरम पाण्यात घालायची. पण तू लिहिलेस तसे झाले खरे. एक दिवस मैदानातली वाळू संपून माती लागली आणि मी न पाहता ह्यांना सांगितले. ते चहा पिता पिता थांबले.

जानेवारीपासून इस्पितळात मीच नेत-आणत होते. बस मागून येई आणि चालक हात करी.

काल गुरुवार. येताना नेहमीसारखे हे शेजारी झोपले. खिंड चढून वर आले तर सगळे गाव धुक्याखाली होते, फक्त तांबडी कौले तरंगत होती, मंदिराचे छप्पर सर्वांत मोठे. लग्नानंतरचा पहिला हिवाळा मला आठवला. हे कोळशाचा ट्रक चालवायचे आणि मी पोत्यांपुढे बसायची. खिंडीवर आले की हे इंजिन बंद करायचे. पेट्रोल विकत आणि उतार फुकट, म्हणायचे. मग आवाजच उरायचा नाही. कापसावरून घरंगळत खाली यावे तसे आम्ही दोघे घरी यायचो.

काल मनात आले, आवाज थांबला तर ह्यांना शांत झोप लागेल, आणि थोडे पेट्रोलही वाचेल. मी किल्ली फिरवली.

काय सांगू तुला. सगळे इतके हलके झाले. वारा तेवढा काचेवर बोट फिरवत होता. ह्यांचा श्वास ऐकू येत होता. मला वाटले मी गाडीत नाही, होडीत आहे, आणि आम्ही दोघे वीस-पंचवीस वर्षांचे आहोत, आणि हे पाणी कुठे घेऊन जाईल ते विचारायचे कारण नाही. पाचेक शेते असेच गेलो.

मग वळण आले. चाक वळवायला गेले तर वळेना. पलीकडून कुणी दोन्ही हातांनी धरून ठेवावे तसे. ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा पायाखाली दगड. मी हातब्रेक ओढला, तोंडाने नाम चालूच होते. गाडी वळणावरून सरळ निघाली आणि पडीक भातखाचराच्या चिखलात जाऊन बसली. हे जागे झाले, खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, हे आपलं शेत नव्हे.

नाकाओने दोर लावून काढली. म्हणाला, काकू, इंजिन बंद केलंत म्हणजे तेल दाबणारा पंपही बंद, ब्रेकचा जोरही बंद. ट्रकला पंपच नव्हता, चालू काय आणि बंद काय, चाक सारखंच जड. हे खाली बघत राहिले. मग म्हणाले, ह्या गाडीत मी असं कधी केलं नाही, तुला सांगितलंही नाही. खरेच सांगितले नव्हते. मी पाहिले होते.

संध्याकाळी ह्यांनी हिदेतोला फोन केला. मार्चच्या विषुवात थडग्यांना पाणी घातले की हिरोशिमाला निघायचे ठरले. मी भांडले नाही. भांडायला तोंड कुठे होते? मला म्हणाले, तुझी चूक नाही, पण मी झोपेत आणि तू शेतात, असं रोज नको.

तू मला एवढेच सांग, मी चाकाच्या लायकीची नाही की ते चाक माझ्या लायकीचे नाही? तेलाला राग येईल म्हणून लपवू नकोस. माया असू दे.

ताई

*

मिकावा
१३ फेब्रुवारी, हेइसेई ९

ती. ताईस नमस्कार. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा फुसाएने काढून घेतलं.

चूक माझी आहे. पानभर तेलाचं कौतुक लिहिलं आणि एक ओळ लिहिली नाही, की इंजिन थांबलं की तेल थांबतं. मला ते इतकं माहीत आहे की दुसऱ्याला सांगायचं असतं हेच सुचलं नाही. किल्ली बाहेर काढली नाहीस हे अमिदाचे उपकार. काढली असतीस तर चाकाला कुलूपच बसलं असतं.

पण त्याहून वाईट सांगतो. माझा चाचणीचा बाक जानेवारीत उखडला. लहान गाड्यांसाठी आता विजेचंच काम वाढतंय. तू नोव्हेंबरात विचारलंस तेव्हा तो जाणार हे मला ठाऊक होतं. तुझ्या पत्रात मनगटांची ओळ होती. ती मी वाचली आणि ओलांडून गेलो. मी तुला उत्तर देत नव्हतो, ताई, मी माझ्या बाकाची बाजू लढत होतो. विजेची मोटर फक्त वळवताना खाते आणि पंप मात्र सरळ रस्त्यावरही इंजिनाकडून फुकट जेवतो, हेही लिहायचं मी टाळलं. तुझ्यासारख्या हिशेबी बाईला ते आधी सांगायला हवं होतं.

सोमवारी मी दोन्ही मनगटांना घट्ट पट्टी बांधली, अंगठे आत दुमडून. मग कारखान्याच्या आवारात तुझ्या गाडीएवढीच जुनी तेलाची गाडी चालवली आणि नंतर विजेची. सगळे हसत होते. एकाने मला विचारलं, मिसुमीसान, बायकोने मारलं का? तेलाच्या गाडीत रस्ता कळला, पण तिसऱ्या वळणाला पट्टीच्या आत घाम फुटला. विजेच्या गाडीत काही म्हणजे काही कळलं नाही, आणि मी दिवसभर वळत राहू शकलो असतो. तुझ्यासाठी विजेचं. हे लिहिताना माझा हात थोडा अडला, पण लिहिलं.

तू चाकाच्या लायकीची आहेस. वाळू संपून माती लागली हे महिन्याभरात ओळखणारी माणसं मी एकतीस वर्षांत फार पाहिली नाहीत. मी स्वतः चोपन्नाव्या वर्षी विजेच्या दालनात नवशिका आहे. सकाळी सगळ्यांत आधी वाकतो तो मी.

ओळखीच्यांकडे दोन वर्षांची छोटी गाडी आहे. वीस मार्चच्या सुट्टीला मी स्वतः चालवत आणतो आणि तीन दिवस तुझ्या शेजारी बसतो. इंजिन मात्र ह्याही गाडीत चालताना बंद करायचं नाही. तेलाचं असो की विजेचं, उतार फुकट नाही. दाजींना सांग, सामान बांधू नका. बांधलंच तर दोरी सैल ठेवा.

रागावलीस तर रागाव, पण लोभ तोडू नकोस.

एइकिची

*

॥ नामु अमिदा बुत्सु ॥

कानासाका
२७ एप्रिल, हेइसेई ९

चि. एइकिचीस आशीर्वाद. वि. वि.

तू गेल्यापासून पत्र नाही म्हणून फुसाएने फोनवर टोमणा मारला. बरोबर आहे. काही ठरल्याशिवाय लिहायचे नाही असे मी ठरवले होते.

तू होतास ते तीन दिवस सोपे गेले. आगगाडीत तुला बसवले आणि माझा धीरही तुझ्याबरोबर गेला. चाक इतके हलके की मी साकेची बाटली प्यायल्यासारखी रस्त्याच्या दोन्ही कडा पाहून येत होते. हे गाडीला तोफूचा डबा म्हणतात. म्हणाले, डबा हलवू नकोस, तोफू मोडेल. पण हसू येत नव्हते. हाताखाली काहीच नव्हते, एइकिची. हातावर डोके ठेवून झोपावे आणि उठल्यावर तो हात आपला वाटू नये, तसा. रस्ता काचेतून दिसे, पण कळत नसे. एकतीस मार्चला शेवटची बस गेली. चालकाने उतरून ह्यांना नमस्कार केला. खिडक्या पुसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. तुझ्या गाडीपायी आमचे निघणे लांबले तेव्हा हिदेतो म्हणाला होता, जमलं नाही तर त्याच दिवशी न्यायला येतो. मी दात आवळून निघाले. खिंड चढताना हे एकाएकी म्हणाले, खडी. मी पाहिले, तर ह्यांचे डोळे मिटलेले. तळवे मांडीवर उपडे. मग म्हणाले, संपली. मग, सावली आहे, ओलं असेल, हळू. मग, पुलाचा सांधा, एक, दोन. चाळीस वर्षे त्या रस्त्यावर चाक धरलेले माणूस, त्यांना अंगाखालून सगळे कळत होते. चाक जे सांगत नव्हते ते हे सांगत होते. मी त्यांच्या शब्दांवर वळत गेले. सतरा किलोमीटर असे बोलत गेले, एरवी जेवतानाही इतके बोलत नाहीत. इस्पितळात पोचल्यावर म्हणाले, घसा सुकला, आणि डॉक्टर तर पाणीही मोजून देतात.

येताना मात्र हे झोपायचे आणि रस्ता मुका व्हायचा. मी तेव्हा बैलगाडीसारखी चालवायची. मागची गाडी पुढे जाऊ द्यायची आणि आत बसलेल्याला वाकायचे.

असे तीन आठवडे झाले. परवाच्या गुरुवारी जाताना खडी आली आणि हे बोलले नाहीत. गाडी कडेला घेतली, पाहिले, तर डोळे उघडे, खिडकीबाहेर बघत. मी विचारले, बरं वाटत नाही का? म्हणाले, मला काय झालंय, आता तू सांग. मी म्हटले, मला काय कळतंय, चाक तर गप्प आहे. म्हणाले, गप्प माणसाबरोबर अडतीस वर्षं काढलीस ना, मग?

मी निघाले. आधी चुकतमाकत बोलले. खडी. संपली. ओले. ह्यावर म्हणाले, चूक, नुसती सावली होती. पुलाचा सांधा, एक. दोन. मग बराच वेळ हे काही म्हणाले नाहीत. मला वाटले पुन्हा परीक्षा चालली आहे, म्हणून मी सांगत राहिले. डोंगर नुकते फुटलेल्या पानांनी भरले होते आणि काचेवर हिरवा उजेड सांडत होता, आणि मी एकटीच रस्ता वाचत चालले होते, मंदिरात पाठ म्हणावा तसा. हामादाचा समुद्र दिसला तेव्हा शेजारी पाहिले. हे झोपले होते. जाताना झोपले होते, एइकिची. जाताना हे कधी झोपत नाहीत.

काल हिदेतोला पत्र टाकले, की ती खोली मुलांच्या अभ्यासाला द्या. आम्ही येऊ, पण पाहुणे म्हणून, आणि आगगाडीने. ह्यांनी खाली सहीच्या जागी स्वतःचा शिक्का मारला, वाकडा.

आता एक विचारायचे राहिले. पूल ओलांडला की पुढे शंभर एक पावले चाकात अगदी बारीक काहीतरी चालते. दूर कुणी तांदूळ पाखडावा तसे. तू तर म्हणाला होतास की विजेचे चाक बातमी देत नाही. ह्यांना विचारले, तर म्हणाले, मी झोपलो होतो, भावाला विचार. ते रस्त्याचे आहे की माझ्या हाताचे? तू आता विजेच्या दालनात आहेस, डोळे मिटून एकदा धरून पाहा, आणि उलट टपाली कळव.

तुझी ताई,
हिसानो